प्रकाशाने उत्तेजित झालेल्या बिस्मथमध्ये अणूंची कंपनं: संगणकावरच्या गणितात मदत हवी

मलप्रभाकाठी | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

मी बेळगावात एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, घर खानापूर तालुक्यात. प्रकल्पासाठी बिस्मथ घेतलंय. बिस्मथच्या स्फटिकावर शंभरेक फेम्टोसेकंदांचा लेसरचा झोत टाकला की सगळ्या युनिट सेलमधले (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान घटकातले) अणू एकाच वेळी, एकाच तालात जोडकंपनात हलू लागतात, म्हणजे जोडीतले दोन अणू एकमेकांकडे आणि परत दूर असे. झोत जितका तीव्र, तितकी या कंपनाची वारंवारता खाली येते. हे प्रयोगात पक्कं दिसलेलं आहे. मला तेच गणिताने काढायचंय. क्वांटम एस्प्रेसो ही संगणकप्रणाली वापरतेय, ती मोफत आहे म्हणून आणि आमच्या सरांना ती येते म्हणूनही.

आतापर्यंत केलेलं असं: दोन अणूंची युनिट सेल घेतली. लांब अक्षावर दोन्ही अणू एकमेकांच्या विरुद्ध दिशेने थोडे थोडे सरकवले, प्रत्येक जागी ऊर्जा काढली आणि वक्र आखला. तळाशी वक्र किती बाकदार आहे त्यावरून वारंवारता काढली. प्रकाश न पडलेल्या स्फटिकाची ३.२ टेराहर्ट्झ आली. मोजलेली आहे २.९२. मग फर्मी-डिरॅक स्मिअरिंग, म्हणजे प्रोग्राममधलं इलेक्ट्रॉनांचं तापमान, वाढवून इलेक्ट्रॉन तापवले, अणू थंडच ठेवले. वारंवारता उतरते, म्हणजे दिशा बरोबर आहे.

अडलंय ते इथे. उत्तेजनानंतर अणू दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या मधोमध, म्हणजे लांब अक्षाच्या ०.२३४ पटीवरून ०.२५ पटीच्या जागेकडे सरकतात असं वाचलं होतं. म्हणून थेट ०.२५ वर अणू ठेवून फोनॉनचा, म्हणजे स्फटिकातल्या कंपनांचा, प्रोग्राम चालवला, तर एक वारंवारता चांगलीच ऋण आली आणि तीन बारीकशा ऋण आल्या. ऋण म्हणजे कल्पित वारंवारता, म्हणजे स्फटिक अस्थिर, एवढं कळतं. पण हे खरंच बिस्मथबद्दल काही सांगतंय, की गणित कच्चं राहिलंय? आणि ३.२ चं काय करू? पुढच्या महिन्यात सादरीकरण आहे.

हलशीचा वाचक | सोमवार, रात्री ९:३२

विषय डोक्यावरून जातोय, पण धागा बंद करू नका. आमच्या तालुक्यातली मुलगी हे करतेय याचा फार आनंद झाला. वाचतोय.

अनगोळकर | सोमवार, रात्री १०:४५

छान चाललंय काम. मी पुण्यात पीएच.डी. करतोय, विषय जवळचाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ३.२ बद्दल. वस्तुमान कोणतं धरलंस? प्रत्येक अणूचं सरकणं आलेखाच्या आडव्या अक्षावर घेतलं असेल तर दोन अणू हलतात, म्हणून एका अणूच्या वस्तुमानाची दुप्पट धरावी लागते. तिथे घसरलं तर उत्तर १.४१ पट होतं. तुझं तेवढं चुकलेलं दिसत नाही. माझा अंदाज असा की तू स्पिन-ऑर्बिट परिणाम (इलेक्ट्रॉनची फिरकी आणि कक्षेतली गती यांचा एकमेकांवरचा परिणाम) चालू केलेला नाहीस. बिस्मथ आवर्तसारणीत ८३ वं, एवढ्या जड अणूत तो सोडून चालत नाही. तो धरला की फोनॉन १० टक्क्यांपर्यंत खाली येतात. त्यासाठी पूर्ण सापेक्षतावादी स्यूडोपोटेन्शियल (अणूच्या आतल्या भागाऐवजी गणितात वापरायचं सोपं रूप) लागेल आणि वेळ कितीतरी पट जाईल. तरी कर. बिस्मथ अर्धधातू आहे, त्याचे इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेल्या रिकाम्या जागा) ब्रिलुआँ झोनच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन-लाटांच्या नकाशाच्या, अगदी छोट्या कोपऱ्यांत असतात. त्यामुळे के-पॉइंटची, म्हणजे त्या नकाशावर गणितासाठी घेतलेल्या बिंदूंची, जाळीही दाट घे, आणि ती वाढवत नेल्यावर उत्तर हलायचं थांबतं का ते पाहा.

आता ऋण चिन्हं. त्या तीन बारीक आहेत त्यांची चिंता करू नकोस. संपूर्ण स्फटिक एकाच वेळी सरकला तर ऊर्जा बदलत नाही, म्हणून तीन ध्वनी-फोनॉन नेमके शून्य यायला हवेत. संगणकावरच्या मर्यादित अचूकतेमुळे ते शून्याच्या थोडे वर-खाली येतात. ते शून्यावर आणणारा ध्वनी-बेरजेचा नियम लावायची सोय प्रोग्राममध्येच आहे.

मोठी ऋण आहे ती मात्र खरी आहे, आणि तुझ्या कामाची आहे. बिस्मथचे अणू मधोमध का बसत नाहीत? कारण तिथे ऊर्जा जास्त असते. जोडीजोडीने जवळ सरकले की इलेक्ट्रॉनांची ऊर्जा कमी होते. याला पायर्ल्स विकृती म्हणतात. म्हणजे तुझ्या वक्राला दोन खळगे आहेत, ०.२३४ ला एक आणि आरशातला दुसरा ०.२६६ ला, आणि मध्ये ०.२५ ला उंचवटा. उंचवट्याच्या माथ्यावर बाक उलटा असणारच, म्हणून वारंवारता कल्पित. प्रकाशाने इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यांत (ऊर्जापातळ्यांच्या गटांत) गेले की जोडीने जवळ राहण्यातला फायदा घटतो. उंचवटा बसत जातो, खळगे मधल्या बाजूला सरकतात. एका विशिष्ट उत्तेजनाला उंचवटाच नाहीसा होईल, आणि ०.२५ वरचं ते ऋण चिन्ह धन होईल. ते कोणत्या उत्तेजनाला होतं ते शोध. तुझ्या प्रकल्पातला सगळ्यात मोलाचा आकडा तोच असेल.

आणि वारंवारता नेहमी त्या-त्या उत्तेजनाच्या खळग्याच्या तळाशी काढ. अणू जुन्या जागी ठेवून इलेक्ट्रॉन तापवलेस तर अणूंवर बल शिल्लक असतं. तिथल्या बाकाला वारंवारता म्हणता येत नाही.

लेथवाला | मंगळवार, सकाळी ७:२०

मी उद्यमबागेत हायड्रॉलिकचे पार्ट करतो. फिजिक्स बारावीपर्यंतच. एक शंका हाय. आम्ही फायबर लेसरवर पत्रा कटिंग करून आणतो, तिथं लेसर लागला की लोखंड वितळतं, आणि गॅसच्या दाबानं उडून जातं. बिस्मथ तर २७१ डिग्रीलाच वितळतं की ओ. मग ते वितळायचं सोडून नुसतं थरथरतंय कसं? आणि सगळे अणू एकदम एका तालात कसे?

अनगोळकर | मंगळवार, दुपारी १:०५

काका, फार नेमकी शंका आहे.

फरक वेळेचा आहे. कटिंगच्या मशीनचा झोत सलग असतो किंवा त्याचे ठोके तुलनेने फार लांब असतात. प्रकाश आधी इलेक्ट्रॉनच शोषतात, पण तेवढ्या वेळात ते आपली ऊर्जा अणूंना कधीच देऊन मोकळे झालेले असतात. मग अणू वाट्टेल तसे, वाट्टेल त्या दिशेने हलतात. त्यालाच आपण तापणं म्हणतो, आणि पुरेसं तापलं की वितळणं. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा एकावर पंधरा शून्यांइतका भाग. १०० फेम्टोसेकंदांत प्रकाशसुद्धा फक्त ३० मायक्रॉन पुढे जातो. बिस्मथच्या या कंपनाचा एक हेलकावा पूर्ण व्हायला साधारण ३४२ फेम्टोसेकंद लागतात. म्हणजे झोत येऊन गेला तरी अणू जागचे हललेले नसतात, इलेक्ट्रॉन मात्र बदललेले असतात. इलेक्ट्रॉनांनी अणूंना उष्णता द्यायची ती त्यानंतर, काही पिकोसेकंदांत.

आता एकदम एका तालात का? बाजारातली तागडी डोळ्यांसमोर आणा. एका पारड्यातून वजन पटकन काढून घेतलं तर समतोलाची जागाच बदलते, आणि पारडं नव्या जागेभोवती झुलू लागतं. इथेही प्रकाश अणूंना ढकलत नाही, त्यांनी कुठे थांबायचं ती जागा बदलतो. सगळ्या सेलमध्ये ती एकाच क्षणी बदलते, म्हणून सगळे एकाच तालात निघतात. ही उपपत्ती १९९२ मध्ये एम.आय.टी.च्या गटाने मांडली. झोत फार तीव्र केला तर बिस्मथ वितळतंही, तिथवर हे प्रयोग नेत नाहीत एवढंच.

लेथवाला | मंगळवार, दुपारी १:४०

समजलं की! जागा बदलली म्हणून हलतंय. हे असं कुणी सांगितलंच नव्हतं.

निपाणीकर | मंगळवार, सायंकाळी ६:१५

प्रकाशाने बंध सैल होतात हा सरसकट नियम धरायचा का? मी शाळेत विज्ञान शिकवते, मुलांना सांगायचं आहे.

अनगोळकर | मंगळवार, रात्री ८:५०

नाही ताई, सरसकट नाही. सिलिकॉनमध्ये सैल होतात. तिथे संयुजा इलेक्ट्रॉनांपैकी साधारण १० टक्के वर गेले तर जाळी उभीच राहत नाही, अणू गरम होण्याच्या आधीच रचना मोडते, हे १९९० च्या सुमाराच्या गणितांतून पुढे आलं. सोन्याचं उलट आहे. इलेक्ट्रॉन तापवले तर सोन्यातले बंध घट्ट होतात, वारंवारता वाढते. हे आधी गणितातून २००६ मध्ये निघालं आणि २००९ मध्ये टोरांटोत इलेक्ट्रॉन विवर्तनाच्या प्रयोगाने त्याला पुष्टी मिळाली. कोणत्या पट्ट्यातून कोणत्या पट्ट्यात इलेक्ट्रॉन गेला यावर सगळं ठरतं. गणित प्रयोगाच्या पुढे गेलं याचं हे उदाहरण मुलांना आवर्जून सांगा.

कणाद | बुधवार, सकाळी १०:०२

एका गोष्टीला माझा आक्षेप आहे. मूळ धाग्यात स्मिअरिंग वाढवून इलेक्ट्रॉनांना एकच तापमान दिलंय. प्रकाशाने इलेक्ट्रॉन खालच्या पट्ट्यातून वर जातात. वर गेलेले आपापसांत लवकर स्थिरावतात, खाली राहिलेले होलही आपापसांत. पण दोघांचा एकमेकांशी हिशोब मिटायला वेळ लागतो. त्या काळात दोन वेगळे केमिकल पोटेन्शियल (कोणत्या ऊर्जेपर्यंत जागा भरलेल्या आहेत ती पातळी) धरायला हवेत, एक इलेक्ट्रॉनांसाठी, एक होलांसाठी. २००७ मध्ये स्टॅनफर्डच्या रेषीय त्वरकावर क्ष-किरणांनी बिस्मथच्या या वक्राचं मोजमाप झालं, तेव्हा ज्या गणिताशी तुलना केली त्यात वर गेलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्याच बांधून ठेवलेली होती. एक तापमान ही सोय आहे, भौतिकशास्त्र नव्हे.

अनगोळकर | बुधवार, दुपारी २:३०

कणाद, सिलिकॉन किंवा कोणत्याही पट्टाअंतर असलेल्या पदार्थासाठी मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. बिस्मथमध्ये पट्टे एकमेकांवर थोडे चढलेले आहेत, त्यामुळे तिथे हा हिशोब किती लवकर मिटतो हाच वादाचा मुद्दा आहे, आणि दोन्ही पद्धतींची गणितं झालेली आहेत. एक तापमानाची पद्धतही हवेतली नाही. मर्मिनने १९६५ मध्ये घनता-फलन सिद्धांत (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढायचा, या सगळ्या गणितांमागचा) तापलेल्या इलेक्ट्रॉनांसाठी वाढवला, तिचा आधार तोच.

तरी मलप्रभाकाठीने दोन्ही करावं असं मला वाटतं. क्वांटम एस्प्रेसोच्या नव्या आवृत्त्यांत दोन केमिकल पोटेन्शियलची सोय आलेली आहे. तुलना करताना मात्र काय समान ठेवलंय ते ठरव: वर गेलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या, की शोषलेली ऊर्जा? दोन्हींची उत्तरं वेगळी येतील. माझा कल संख्येकडे आहे, कारण बंध कमकुवत होतो तो संख्येमुळे. दोन अणूंच्या सेलमध्ये १० संयुजा इलेक्ट्रॉन, त्यातला १ टक्का म्हणजे सेलमागे ०.१ इलेक्ट्रॉन. घनतेत ते साधारण १.४ गुणिले दहाचा एकविसावा घात दर घनसेंटिमीटर होतं. एवढ्याने बिस्मथमध्ये स्पष्ट फरक दिसायला हवा.

कणाद | बुधवार, दुपारी ३:१०

संख्या समान ठेवून दोन्ही वक्र शेजारी शेजारी दाखवले तर माझी हरकत नाही. उलट तो प्रबंधातला चांगला भाग होईल.

टिळकवाडीचे जुने मास्तर | बुधवार, रात्री ९:२५

मी बेळगावात कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. या चर्चेत आपल्या कर्नाटकातली एक गोष्ट यायलाच हवी, म्हणून लिहितो.

स्फटिकातल्या कंपनांचा सिद्धांत माक्स बॉर्न आणि फॉन कार्मान यांनी १९१२ मध्ये मांडला. त्यांच्या मते स्फटिकात कंपनांच्या लाटा हव्या तेवढ्या लांबीच्या असू शकतात, म्हणून वारंवारता सलग पसरलेल्या असतात. पुढे १९३५-३६ मध्ये सर सी. व्ही. रामन यांनी याच बॉर्न यांना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आणलं. आणि १९४० च्या दशकात त्याच रामन यांनी बॉर्न यांच्या सिद्धांताला जाहीर आव्हान दिलं! हिऱ्याच्या वर्णपटात रामन यांना सलग पसरण न दिसता ठळक, सुट्या रेषा दिसत होत्या. त्यांनी मांडलं की शेजारच्या सेल एकतर एकाच तालात हलतात, नाहीतर बरोबर विरुद्ध तालात. म्हणजे तिन्ही दिशांनी दुप्पट, आठ सेलचा गठ्ठा घ्यायचा आणि तेवढीच कंपनं मोजायची. हिऱ्याला त्यांच्या हिशोबाने ४५ कंपनं येतात, त्यातली बरीचशी एकाच वारंवारतेची.

वाद वर्षानुवर्षं चालला. पुढे न्यूट्रॉनच्या प्रयोगांनी लाटांच्या वारंवारता थेट मोजता आल्या आणि बॉर्न बरोबर ठरले. पण रामन यांना दिसलेल्या रेषाही खोट्या नव्हत्या. व्हॅन होव्ह यांनी १९५३ मध्ये दाखवलं की सलग पसरणीतही काही वारंवारतांपाशी कंपनांची गर्दी होते, तिथे टोकं दिसतात.

आता मुली, तुझ्या कामाशी याचा संबंध बघ. अणू सरकवून ऊर्जा मोजायच्या पद्धतीत २×२×२ चा सुपरसेल (आठ सेलचा गठ्ठा) घेतला की तुला नेमकी तीच कंपनं मिळतात जी रामन यांनी मोजली: शेजारी एका तालात किंवा विरुद्ध तालात. एवढंच नाही. उत्तेजनामुळे अणू बरोबर ०.२५ ला पोचले तर दोन अणूंची सेल एका अणूची होते, आणि तुझं जोडकंपन हे त्या लहान सेलसाठी शेजाऱ्यांनी विरुद्ध दिशेने हलण्याचं कंपन होतं. रामन यांच्या यादीतलंच एक. पण ती यादी अपुरी होती हे विसरू नकोस. ०.२५ वर तुझं हे एक कंपन धन झालं म्हणून स्फटिक स्थिर झाला असं लिहू नको. मधल्या लांबीच्या लाटांपैकी एखादी ऋण असू शकते, आणि ती दोन अणूंच्या सेलमध्ये कधीच दिसणार नाही. त्यासाठी निदान काही मधल्या बिंदूंवर, म्हणजे मधल्या लांबीच्या लाटांसाठी, फोनॉन काढून बघ.

मलप्रभाकाठी | गुरुवार, रात्री १०:००

सगळ्यांचे मनापासून आभार. सर, रामन यांची ही बाजू मला माहीतच नव्हती. आमच्या पुस्तकात फक्त १९२८ चा शोध आणि १९३० चं नोबेल येतं. मधल्या बिंदूंचं नक्की करते.

वस्तुमान दुप्पटच धरलं होतं. स्पिन-ऑर्बिट चालू करून गणितं लावली आहेत, वारंवारता खाली येतेय. दोन शंका राहिल्या. एक, उत्तेजनानंतर सेलचा आकारही मोकळा सोडायचा का? मोकळा सोडला तर उत्तर बरंच बदलतं. दोन, प्रयोगात तीव्र झोताला वारंवारता उतरते त्याचं कारण इलेक्ट्रॉन वर जाणं की हेलकावा मोठा होणं? मोठ्या हेलकाव्याला वक्र साध्या पॅराबोलासारखा (अंतराच्या वर्गाप्रमाणे चढणारा) राहत नाही, त्यानेही वारंवारता उतरेलच ना?

अनगोळकर | गुरुवार, रात्री ११:२०

आकार बांधूनच ठेव. स्फटिक फुगायचा तर पृष्ठभागापासून आत ध्वनीच्या वेगाने बातमी जावी लागते. बिस्मथमध्ये हा वेग साधारण सेकंदाला २ किलोमीटर. ५० नॅनोमीटर जाडीच्या थराला २५ पिकोसेकंद झाले. तुझी कंपनं पहिल्या दोन-चार पिकोसेकंदांतली आहेत, त्यामुळे अणू सेलच्या आत सरकू दे, सेल जशीच्या तशी राहू दे.

दुसरी शंका वाचून फार बरं वाटलं. या प्रश्नावर संशोधकांतही मतभेद होते, आणि २००५ च्या सुमारास त्याचा निवाडा मुख्यतः इलेक्ट्रॉनांच्या बाजूने झाला. तुला ते स्वतः तपासता येईल, आणि त्यासाठी मोठा संगणकही लागत नाही. उत्तेजित अवस्थेचा पूर्ण वक्र तुझ्याकडे आहे. त्याच्यावर अणू जुन्या जागी, ०.२३४ ला, वेग शून्य ठेवून सोड. उतारावरून बल, बलावरून त्वरण, १ फेम्टोसेकंदाच्या पावलाने पुढे. असं पावलापावलाने पुढे जायची व्हर्लेची पद्धत एक्सेलमध्येही बसते. एकूण ऊर्जा पावलागणिक स्थिर राहते का ते शेजारच्या स्तंभात बघत जा. मग तोच वक्र ठेवून हेलकावा लहान करून बघ. एकाच वक्रावर लहान-मोठ्या हेलकाव्याने वारंवारता किती बदलते आणि वक्रच बदलल्याने किती, हे दोन आकडे वेगळे निघतील. तुझी एकेका बिंदूची गणितं, के-पॉइंट, स्पिन-ऑर्बिट, हा सगळा खटाटोप या एका वक्रासाठी आहे. तळाचा आकडा काढून तो टाकून देऊ नकोस, पूर्ण वक्र वापर.

फक्त एक: यात कंपन मरत नाही. प्रयोगात ते काही पिकोसेकंदांत ओसरतं, कारण ऊर्जा दुसऱ्या फोनॉनांत जाते. शिवाय इलेक्ट्रॉन-होल कमी होत जातात तशी वारंवारता पुन्हा वर चढते. तुझ्या प्रकल्पात हे नाही हे स्पष्ट लिही.

मलप्रभाकाठी | शुक्रवार, सकाळी ६:४५

एक्सेलचं आजच करते! अडचण एवढीच की आमच्याकडे पावसात लाईट जाते, यूपीएस थोडाच वेळ टिकतो, आणि स्पिन-ऑर्बिटची गणितं रात्रभर चालतात. माझ्या पीसीला रॅमही ८ जीबीच आहे.

कणाद | शुक्रवार, सकाळी ९:१५

लाईट गेली की लगेच आउटपुटच्या फोल्डरमध्ये गणिताच्या प्रीफिक्सच्या नावाने एक रिकामी एक्झिट फाइल तयार कर. प्रोग्राम ती बघतो, हातातली पायरी संपवतो, सगळं नीट जतन करून थांबतो. नंतर रिस्टार्ट दिलं की तिथूनच पुढे. अणू सरकवायच्या पद्धतीत प्रत्येक बिंदू वेगळं गणित असतं, त्यामुळे गेलं तरी एकच बिंदू जातो. फोनॉनच्या मोठ्या गणिताला मात्र ही फाइल वाचवेल.

लेथवाला | शुक्रवार, दुपारी १२:३०

पोरी, आमच्या शेडमध्ये ड्रॉइंग काढायचा पीसी हाय, ३२ जीबी रॅम, बॅकअपला इन्व्हर्टर. संध्याकाळी सात ते सकाळी नऊ बंदच असतोय. तुझा प्रोग्राम त्याच्यावर चालतोय का बघ की. आमचा ड्राफ्ट्समन लिनक्स टाकून देतो म्हणालाय.

मलप्रभाकाठी | शुक्रवार, दुपारी १:०५

काका, चालेल की! आधी १६ बिंदूंचा वक्र एका तापमानाला लावते, मग दोन केमिकल पोटेन्शियलचा. सरांनी सांगितलेले मधले बिंदू शेवटी. शनिवारी कॉलेज सुटलं की भावाला घेऊन उद्यमबागेत येते, इनपुटच्या फाइल पेनड्राइव्हवर आणते.

लेथवाला | शुक्रवार, दुपारी १:१०

ये की. तिसऱ्या गेटवर फोन कर, पोराला पाठवतो.